डिस्क निघंना झालीय? हातोडा उचलायच्या आधी हे वाचा

पावसाळा सरत आला की सातारा-सांगलीकडच्या गॅरेजांत एक संवाद हमखास ऐकू येतो. गाडी ब्रेक पॅड बदलायला आलेली असते. चाक निघतं, पॅड धरणारा कॅलिपर निघतो आणि मिस्त्री डिस्कला, म्हणजे ब्रेकच्या चकतीला, हात घालून ओढतात, तर ती ढिम्म हलत नाही. "गंजानं धरलीय साहेब, तोडूनच काढावी लागंल." मालक चक्रावतो. डिस्कला ना वेल्डिंग, ना मोठा बोल्ट. मग चार-पाच किलोचं ते लोखंड दोन माणसांना कसं जुमानत नाही?

हल्ली व्हिडिओ बघून हे काम घरच्या अंगणात करायला घेणारेही बरेच आहेत. त्यात गैर काही नाही. हत्यारं साधी लागतात आणि समज असेल तर काम जमण्यासारखं आहे. अडचण अशी की व्हिडिओत घणाचे चार घाव दिसतात आणि डिस्क निघते. घाव कुठे घातले, का घातले आणि त्याआधी काय तपासलं, हे कापलेलं असतं. डिस्क कशाने धरून ठेवली आहे ते आधी ओळखायचं आणि मग हत्यार निवडायचं. या कामातली खरी अक्कल एवढीच आहे, बाकी घाम.

## डिस्क बसलेली असते तरी कशी?

ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि दोन पॅड फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. ही चकती म्हणजे डिस्क. पुस्तकात तिला रोटर म्हणतात. चाक ज्याच्यावर बसतं तो पोलादी भाग म्हणजे हब. हबच्या मधोमध एक गोल कडं बाहेर आलेलं असतं. डिस्कच्या मधलं भोक त्या कड्यावर सरकतं आणि डिस्कचा सपाट भाग हबच्या सपाट तोंडाला टेकतो. वरून चाक बसतं, आणि चाकाचे नट आवळले की चाक, डिस्क आणि हब एकमेकांवर दाबून धरले जातात.

म्हणजे चाक काढल्यावर डिस्क धरून ठेवायला फारसं काही उरतच नाही. काही गाड्यांत एक-दोन छोटे स्क्रू असतात, एवढंच. नवी गाडी असेल तर डिस्क हाताने ओढून निघते.

आता स्वयंपाकघरातले स्टीलचे पेले आठवा. एकात एक घातले आणि तसेच राहिले, तर आतला पेला निघता निघत नाही. कुणी सरळ जोरात ओढतं, पेला आणखीच तिरका होऊन अडकतो. घरातली जाणती बाई मात्र पेला फिरवत फिरवत कडेला हलक्या टिचक्या मारते, नाहीतर बाहेरचा पेला गरम पाण्यात धरते. डिस्क आणि हबचं नातं हुबेहूब तसंच आहे. फरक इतकाच की इथे दोन पेल्यांच्या फटीत गंज भरलाय.

## एवढा गंज येतो कुठून?

डिस्क ओतीव लोखंडाची असते. त्यात तीन टक्क्यांच्या वर कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या रूपात. त्यामुळे ती उष्णता चांगली पेलते, थरथर गिळते आणि स्वस्तही पडते. पण ओल लागली की तासाभरात तांबूस होते. गाडी धुऊन रात्रभर उभी केली की सकाळी डिस्कवर जो नारिंगी थर दिसतो, तो हाच. त्याची काळजी नको. पहिल्या दोन-चार ब्रेकांत पॅड तो पुसून टाकतात.

त्रास देतो तो न दिसणारा गंज. हबचं कडं आणि डिस्कचं भोक यांच्यातल्या बारीक फटीत पाणी शिरतं आणि तिथे पॅड पोचत नाहीत. त्यात गंजाचा एक स्वभाव असा की ज्या लोखंडाचा तो बनतो, त्याच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. फट आधीच चिंचोळी, त्यात हा फुगणारा ऐवज. काही वर्षांत तो पाचरीसारखा दोन्हीकडून दाबत राहतो. डिस्क 'चिकटते' म्हणतात, पण खरं तर ती आवळली जाते.

"आमची गाडी रोज चालते, तिला कसला गंज?" असं विचारणारे भेटतात. रोज चालल्याने घासणारी बाजू स्वच्छ राहते, आतली फट नाही. उलट पावसात रोज चालणाऱ्या गाडीच्या फटीत रोज नवं पाणी जातं.

आपल्याकडे याला तीन वाटा आहेत. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पाचगणी, बामणोली, पाटण, कोयनानगरच्या गाड्या चार महिने ओल्याच असतात. सांगलीकर म्हणतील, आमच्याकडे कुठे तेवढा पाऊस? बरोबर आहे, पण महाबळेश्वरला पडलेलं पाणी कृष्णेतून सांगलीलाच येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी नदी ५७ फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा पुरात दारातल्या गाडीची फक्त चाकं बुडाली तरी हबच्या फटीत पाण्याबरोबर बारीक गाळ जाऊन बसतो. गाळ ओल धरून ठेवतो, त्यामुळे पाणी ओसरलं तरी गंज महिनोन्महिने चालूच राहतो. तिसरी वाट कोकणाची. कुंभार्ली घाटाने गुहागर किंवा आंबा घाटाने गणपतीपुळे करून आलेली गाडी खारी हवा आणि वाळू घेऊन येते, आणि मिठाने गंजाला चांगलाच जोर येतो. समुद्रावरून आल्यावर गाडीला पाणी मारताना चाकांच्या आतूनही मारा, हे सांगून कुणी ऐकत नाही.

## जॅक लावण्याआधी

इथे सबुरीने घ्या. गाडी सपाट, टणक जागेवर हवी. मुरमाच्या अंगणात जॅक रुततो. यवतेश्वर किंवा शाहूपुरीकडच्या उताराच्या बोळात हे काम करूच नका. पुढचं चाक काढणार असाल तर हँडब्रेक ओढा, गिअर टाका आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग गाडी उचला आणि लगेच जॅक स्टँडवर, म्हणजे गाडी पेलणाऱ्या लोखंडी आधारावर, टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीला घाव घालणं म्हणजे जिवाशी खेळ. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, तेवढाच आणखी एक आधार.

डोळ्यांवर गॉगल हवाच. ओतीव लोखंड ठिसूळ असतं, त्याची कपची उडते. ब्रेकची काळी धूळ फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती फुप्फुसात जाण्यासारखी वस्तू नाही.

कॅलिपर काढल्यावर तो तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा. ब्रेक तेलाच्या नळीवर लोंबकळला तर नळी आतून फाटू शकते आणि ते बाहेरून दिसत नाही. कॅलिपर ज्याच्यावर बसतो तो ब्रॅकेटही काढावा लागतो, नाहीतर डिस्कला बाहेर यायला वाट नसते. त्याचे दोन बोल्ट बरेच घट्ट असतात. लांब दांड्याचा पाना घ्या. आणि या काळात कुणालाही ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवू देऊ नका. पिस्टन बाहेर येऊन पडेल.

## खरंच गंजच धरून बसलाय का?

घाई करणारे इथे फसतात. डिस्क हलत नाही म्हणजे गंज, असं गृहीत धरून ठोकायला सुरुवात होते आणि धरणारा निघतो दुसराच.

पहिला संशयित तो छोटा स्क्रू. होंडा, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत डिस्कच्या तोंडावर खोलगट बसणारे एक-दोन स्क्रू असतात. धुळीने आणि गंजाने ते इतके बुजतात की दिसतच नाहीत. तारेच्या ब्रशने तोंड घासून बघा. साध्या स्क्रू ड्रायव्हरने जोर लावला तर डोक्यातली फुली झिजते आणि पुढे नाकी नऊ येतात. यासाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो: त्याच्या डोक्यावर हातोडा मारला की तो आत दाबताना फिरतो, त्यामुळे फुलीतून निसटत नाही. सांगलीत मिरज रस्त्याला किंवा साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास हत्यारांच्या दुकानांत मागून बघा. तरीही नाही निघाला तर ड्रिलने डोकं उडवा. डिस्क खरी दाबून धरतात ते चाकाचे नट. हा स्क्रू जुळणी करताना ती जागेवर राहावी म्हणून असतो.

दुसरा संशयित हँडब्रेक. मागे डिस्क असलेल्या काही गाड्यांत डिस्कच्या फुगीर भागाच्या आत हँडब्रेकचे छोटे शू, म्हणजे आतून दाबणारे पॅड, बसवलेले असतात. शू झिजवून झिजवून आत एक कड तयार करतात आणि डिस्क त्या कडेला अडते. हँडब्रेक सोडा, दगडांचा आधार पक्का करा आणि डिस्कवरच्या किंवा मागच्या रबरी बुचाच्या भोकातून शूचं दातेरी चाक फिरवून शू सैल करा. बटणाचा हँडब्रेक असेल तर तो सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी सैल सोडायच्या स्थितीत, घालावा लागतो. ती सोय नसेल तर मागच्या चाकांना घरी हात लावू नये.

तिसरी शक्यता अशी की तुमच्या गाडीची डिस्क समोरून निघतच नाही. काही जुन्या गाड्यांत ती हबच्या मागच्या अंगाला बोल्टने बसवलेली असते आणि हब आणि तो ज्यावर फिरतो त्या बेअरिंगसकट सगळं सोडवावं लागतं. अशा डिस्कवर समोरून दिवसभर घण मारला तरी ती निघणार नाही. हब डिस्कच्या पुढे आहे की मागे, हे डोळ्यांनी दिसतं. पुढे असेल तर थांबा, ते काम गॅरेजचं.

## तेल मारलं की सुटेल ना?

सुटतं, पण तेलाला वेळ द्यावा लागतो. हबच्या कड्याभोवतीची फट तारेच्या ब्रशने मोकळी करा, गंज सोडवणारं तेल तिथे आणि चाकाच्या स्टडांच्या (ज्यांवर नट बसतात त्या आटेवाल्या दांड्यांच्या) मुळाशी मारा आणि रात्रभर राहू द्या. मध्ये एक-दोनदा पुन्हा मारा. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे चालतो. डिझेल किंवा घासलेटही चालतं, पण ते सावकाश मुरतं. पॅड परत वापरणार असाल तर त्यांच्यावर थेंबही नको. तेल प्यायलेला पॅड पुसून सुधारत नाही, फेकावाच लागतो.

कारखान्याची मळी गंज काढते, हे आपल्या ऊसपट्ट्यात बरेच जण सांगतात. ते खरं आहे. मळीच्या पातळ पाण्यात गंजलेलं लोखंड बुडवून ठेवलं तर आठ-पंधरा दिवसांत स्वच्छ निघतं. पण त्यासाठी भाग आधी गाडीवरून निघाला पाहिजे, आणि मळीवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं. तेव्हा हा उपाय गप्पांपुरता ठेवू.

तेल मुरल्यावर टिचक्यांची पाळी. चाकाचे दोन नट स्टडांच्या टोकाला हाताने दोन-तीन आटे लावून ठेवा. डिस्क एकदम सुटली तर पायावर पडत नाही आणि चुकून बसलेल्या घावाने स्टडाचे आटेही जात नाहीत. मग स्टडांच्या मधल्या सपाट भागावर हातोडा मारा. एक घाव, डिस्क थोडी फिरवा, समोरच्या बाजूला दुसरा. एकाच जागी बडवलं तर डिस्क तिरकी होते आणि आणखी आवळते. मागच्या बाजूने कडेला मारायचं असेल तर डिस्क बदलायचीच आहे हे आधी ठरवा; ती कड वाकडी होते नाहीतर फुटते.

हातोड्याने बेअरिंग खराब होतं का? होऊ शकतं. प्रत्येक घाव हबमधून थेट बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो आणि गोळी जिथे टेकलेली असते तिथे बारीक खळगा पडतो. महिन्याभराने वेगात घूं घूं असा आवाज यायला लागतो. म्हणून मध्यम हातोडा आणि मोजके घाव. पाच किलोच्या घणाने पंधरा मिनिटं झोडपणं मला तरी पटत नाही, कारण त्याहून सोपा उपाय बऱ्याचदा डिस्कवरच असतो.

## ती दोन छोटी भोकं

डिस्कच्या तोंडावर, चाकाच्या स्टडांच्या मधे, समोरासमोर दोन लहान आटेवाली भोकं दिसतात का बघा. ड्रम ब्रेकच्या ड्रमवरही असतात. मारुती सुझुकी, टोयोटा, होंडा अशा बऱ्याच गाड्यांत ती सापडतात आणि बहुधा ८ मिलिमीटरच्या, १.२५ पिचच्या बोल्टची असतात. गंज भरून ती बुजलेली असतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाहीत. कंपनीने ती डिस्क काढण्यासाठीच ठेवलेली असतात.

पूर्ण आटे असलेले दोन बोल्ट घ्या, डोक्यावर ८.८ (मजबुतीचा आकडा) कोरलेले. आट्यांना ग्रीस लावा आणि दोन्ही भोकांत हाताने लावून घ्या. बोल्ट आत जाताना त्याचं टोक हबच्या तोंडावर टेकतं. पुढे फिरवत गेलं की हब जागेवर राहतो आणि डिस्क बाहेर ढकलली जाते. दोन्ही बोल्ट आळीपाळीने पाव-पाव फेरा फिरवा, म्हणजे डिस्क सरळ येईल.

यातला जोर किती असतो? एक फुटाच्या पान्याच्या टोकाला साधारण सात किलोचा जोर लावला, तर ८ मिलिमीटरचा एक बोल्ट एक टनाहून जास्त बळाने ढकलतो. दोन बोल्ट म्हणजे दोन टनांच्या वर, तेही सरळ रेषेत, बेअरिंगला एकही धक्का न देता. घाव क्षणभर असतो. हा दाब तुम्ही जेवून येईपर्यंत टिकतो.

बोल्ट फारच जड जायला लागला तर रेटू नका. ओतीव लोखंडातले आटे सुटतात किंवा बोल्ट तुटून भोकात राहतो, आणि मग सोपी वाट बंद. तेवढाच ताण ठेवून कड्याभोवती पुन्हा तेल मारा आणि दोन बोल्टांच्या मधल्या जागी हलक्या टिचक्या मारा. ताणाखाली असलेला गंज छोट्या धक्क्यानेही तडकतो. बऱ्याचदा 'टक' असा आवाज येतो आणि डिस्क सैल होते. नाहीच झाली तर ताण तसाच ठेवून झोपा.

भोकंच नसतील तर ब्रॅकेटच्या बोल्टांची भोकं वापरता येतात. त्यातून मागून लांब बोल्ट घालायचा, पुढून नट लावायचा आणि बोल्टचं टोक डिस्कच्या पाठीला टेकवून हळूहळू दाब द्यायचा. इथे दाब एकाच बाजूला पडतो, म्हणून थोडा दाब, डिस्क फिरवून पुन्हा थोडा दाब, असं गोल करत राहायचं. डिस्क भंगारात जाणार असेल तेव्हाच ही युक्ती करा.

## गॅस मारून तापवलं तर?

तत्त्व बरोबर आहे: बाहेरचा पेला गरम केला की तो फुगतो. ६० मिलिमीटरचं भोक १०० अंशांनी तापवलं तर सुमारे ०.०७ मिलिमीटर मोठं होतं. आकडा छोटा वाटतो, पण गंजाचा थर फोडायला पुरतो. मात्र ती उष्णता दोन बोटांवरच्या बेअरिंगच्या ग्रीसपर्यंत, रबरी सीलपर्यंत आणि एबीएसच्या सेन्सरपर्यंत पोचते. शिवाय आदल्या रात्री तुम्हीच तिथे तेल ओतलंय, ते पेट घेऊ शकतं. ब्रेक क्लिनर फवारलेला असेल तर ज्योत अजिबात नको. काही क्लिनरमध्ये क्लोरीनची संयुगं असतात आणि ती तापली की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. घरी हा प्रयोग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्राइंडरने डिस्क कापणं हा शेवटचा मार्ग. मधल्या भोकापासून बाहेर दोन चिरा पाडून छिन्नीने फोडायची असते. पण चिरेची खोली चुकली की हब कापला जातो, आणि ठिणग्या ब्रेकच्या रबरी नळीवर उडतात. बोल्ट, तेल, टिचक्या सगळं करून डिस्क हललीच नाही तर मिस्त्रींना बोलवा. त्यांच्याकडे डिस्क ओढून काढणारा तीन पायांचा पुलर असतो.

## काढलेली डिस्क परत वापरायची का?

कमीत कमी किती जाडी चालते, तो आकडा बहुतेक डिस्कांच्या कडेला कोरलेला असतो. व्हर्नियरने मोजा. त्याच्या जवळ आली असेल तर नवी घ्या. खोल चरे असतील, घासणाऱ्या भागावर गंजाचे खड्डे पडले असतील किंवा मागून घाव बसले असतील, तरी नवीच. लेथवर घासून घेता येते, पण घासल्यावरही त्या आकड्याच्या वर राहिली पाहिजे. बदलायची तर एका अॅक्सलच्या (पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या) दोन्ही डिस्क आणि पॅड एकत्र बदला. एकच बदलली तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढू शकते.

## बसवताना कंटाळा नको

हबचं तोंड आणि कडं तारेच्या ब्रशने, पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. लोखंड खरवडायचं नाही, फक्त गंज काढायचा. हबच्या कडेवर ०.०५ मिलिमीटरची गंजाची खपली राहिली, तर डिस्कच्या बाहेरच्या कडेला तिचं जवळपास दुप्पट डोलणं होतं. सुरुवातीला ते जाणवत नाही. काही हजार किलोमीटरनंतर डिस्क एका जागी जास्त झिजते आणि पसरणी घाट उतरताना पेडल पायाखाली थरथरायला लागतं. मग लोक नव्या डिस्कला दोष देतात.

कड्यावर उष्णता सोसणाऱ्या अँटी-सीझ ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. पुढच्या वेळी डिस्क हाताने निघेल. घासणाऱ्या भागावर आणि स्टडांवर मात्र ग्रीस नको. नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लिनरने धुऊन काढा.

पिस्टन मागे दाबताना बोनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल वर चढतं. सांडलं तर गाडीचा रंग खातं, लगेच पाण्याने धुवा. चाकाचे नट समोरासमोर आवळत जा आणि शेवटचा जोर गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याइतका द्या. छोट्या गाड्यांना तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. पाईप घालून पान्यावर उभं राहायची गरज नाही.

गाडी सुरू करून हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पहिल्यांदा ते थेट खाली जातं, कारण पिस्टन मागे गेलेला असतो. अंगणातल्या अंगणात थांबवून बघा. मग मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगावरून आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारून वेग कमी करा, मधे डिस्क निवू द्या आणि एकदम गच्च ब्रेक टाळा. नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना धरेपर्यंत खंबाटकी किंवा पसरणी उतरायला जाऊ नका. शंभरेक किलोमीटर झाले की नटांना पुन्हा एकदा पाना लावून बघा.